आधी वही, मग बोटुकली

मागच्या अंकात मी खडकवासला साखळीतल्या चार धरणांमधल्या माशांवर लिहिलं होतं. समुद्राच्या मासळीवर आपण भरभरून बोलतो आणि ज्या धरणांचं पाणी पुणेकर रोज पितात त्यातल्या माशांची मात्र विचारपूसही करत नाही, हे माझं त्यात गाऱ्हाणं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार या वेळी घेते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण ते लिहिणाऱ्याचं पोट त्या पाण्यावर आहे.

प्रश्न : बाई, आम्ही भोई. पानशेतच्या फुगवट्यावर आमची तीन पिढ्यांची मासेमारी. आजोबा सांगायचे की खडशी (महसीर), मरळ, वाम, शिंगाळा यांनी डालगी भरायची. आता जाळ्यात निम्म्याहून जास्त चिलापी (तिलापिया) येते. संस्थेच्या बैठकीत ठरलंय, यंदा माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, दुप्पट सोडायचं. मी बी. कॉम. झालोय आणि संस्थेचा हिशेब मीच बघतो. दुप्पट बीज सोडलं की मासा दुप्पट होईल का? काका म्हणतात होईल. मला खात्री वाटत नाही.
– एक वाचक, पानशेत परिसर

उत्तर : तुम्ही हिशेब बघता हे वाचून फार बरं वाटलं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हिशेबातच आहे. संस्थेच्या वहीत काय असतं? किती किलो मासा विकला आणि किती रुपये आले. तो झाला विक्रीचा हिशेब. पाण्यात काय शिल्लक आहे, ते त्यातून कळत नाही.

समजा, एका वर्षी ऑक्टोबरात १० जाळी लावून ४० किलो मासा आला. पाच वर्षांनी ऑक्टोबरातच ६० किलो आला, पण जाळी लावली ३०. विक्रीची वही म्हणेल मासा दीडपट झाला. प्रत्यक्षात जाळ्यामागे ४ किलो येत होते ते २ वर आले, म्हणजे निम्मे झाले. मासा घटत जातो, माणसं जाळी वाढवत जातात, काट्यावर वजन तेवढंच दिसत राहतं. मग एखाद्या वर्षी जाळी वाढवायलाही पैसे उरत नाहीत आणि सगळं एकदम कोसळल्यासारखं वाटतं. ते एकदम झालेलं नसतं.

म्हणून बीजाची मागणी नोंदवण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. रोजच्या ओळीत तारीख, धरणाची पातळी (पाटबंधारे खात्याचा आकडा रोज मिळतो), जाळं कुठे टाकलं, किती जाळी, आस (जाळ्याचं भोक) किती बोटांचा, संध्याकाळी किती वाजता टाकलं आणि पहाटे किती वाजता काढलं, एवढं लिहा. मग जातवार वजन. मग प्रत्येक जातीचे वीस मासे पट्टीवर ठेवून लांबी आणि वजन. हे वीस मासे निवडून घेऊ नका, हाताला येतील तसे घ्या. आपला हात नकळत मोठ्या माशाकडे जातो, हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांबरोबर काम करताना पाहिलं आहे.

ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशीच करा. मे महिन्यात धरण तळाला जातं, सगळा मासा थोड्या पाण्यात गोळा होतो आणि जाळ्यामागे वजन वाढतं. ते बघून मासा वाढला म्हणायचं आणि पुढच्या वर्षी जाळी वाढवायची, ही चूक मी दोन तलावांवर झालेली पाहिली आहे.

आता ती लांबी-वजनाची पानं वाचायची कशी, ते सांगते. ३० सेंटिमीटरचा रोहू आज ४०० ग्रॅम भरतो, आणि दोन वर्षांनी तेवढ्याच लांबीचा रोहू ३०० ग्रॅमच भरला, तर तुमच्या धरणात माशांची कमतरता नाही, खाण्याची आहे. तिथे दुप्पट बीज सोडलंत तर आहे त्या खाण्याला आणखी तोंडं लागतील आणि सगळेच बारीक राहतील. उलट मासे गुटगुटीत आहेत, पण मोठेच तेवढे सापडतात आणि मधल्या मापाचे नाहीत, असं दिसलं तर मागच्या दोन-तीन वर्षांचं बीज जगलेलं नाही. मग ते का जगलं नाही हे शोधायला हवं. आणि सगळेच लहान दिसले तर जाळ्याचा आस तपासा. मासा एकदाही अंडी न घालता काट्यावर चढतोय. बीज किती सोडायचं हे या तीन चित्रांपैकी तुमचं कुठलं, त्यावर ठरेल. काकांचा अंदाज बरोबर असू शकतो, चूकही असू शकतो. वही नसेल तर दोघांनाही कळणार नाही.

बीजाबद्दल मात्र एक गोष्ट काका बरोबर सांगतात. रोहू, कटला, मृगळ ही मूळची गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करून आणत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाला पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, आणि तेव्हापासून हवं तेवढं बीज हवं तिथे तयार करता येऊ लागलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस त्यामुळेच.

पण कुठलं बीज आणि कधी सोडायचं? मत्स्यजिरे स्वस्त मिळतात म्हणून लाखांनी आणून धरणात ओतायचे आणि फोटो काढायचे, यानं काही होत नाही. जिऱ्याएवढ्या पिल्लाला धरणातली प्रत्येक चिलापी गिळते. निदान ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लू, हवी. जुलैत जिरे किंवा अर्धबोटुकली आणून काठाच्या शांत कोपऱ्यात, हापा (पाण्यात बांधायची बारीक जाळीची पेटी) लावून, दोन-अडीच महिने संस्थेनंच वाढवावी. वाढवलेली बोटुकली सांडव्यावरून पाणी जायचं पूर्ण थांबल्यावर सोडावी. ऑगस्टात सोडलेलं बीज सांडव्यावरून खाली जातं. तुमचे पैसे खडकवासल्यात पोचतात, एवढंच.

सोडायची पद्धत आमच्याकडून एकदा फार वाईट चुकली होती, ती लिहिते. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एका छोट्या पाझर तलावात बीज सोडायचा कार्यक्रम होता. गाडी उशिरा आली, दुपारचे दोन वाजले होते, पाहुणे खोळंबले होते. प्राणवायू भरलेल्या पिशव्या फोडून आम्ही थेट काठच्या उथळ पाण्यात रिकाम्या केल्या. पिशवीतलं पाणी थंड होतं आणि काठचं पाणी हाताला चांगलं गरम लागत होतं. पिल्लं आधी एका जागी थरथरली, मग आडवी होऊन गोल गोल फिरायला लागली. टाळ्या वाजून गेल्या होत्या. संध्याकाळी मी परत गेले तेव्हा काठाला चंदेरी पट्टा लागला होता आणि बगळे खाली मान घालून टिपत होते. पिशवी बंद ठेवून अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यायची, मग तोंड उघडून तलावाचं पाणी ओंजळ-ओंजळ आत घालायचं, मग पिशवी आडवी करून पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. पहाटे किंवा दिवस कलल्यावर. हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी बोलले नाही, आणि ते अजून मनातून गेलेलं नाही.

चिलापीचं काय? ती १९५२ मध्ये आपल्या देशात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण होते, त्यामुळे ती धरणातून आता जाणार नाही. पण तिला आवरणारे मासे तुमच्याच धरणात आहेत, मरळ आणि शिंगाळा. पावसाळ्याच्या तोंडाला मरळीची जोडी काठच्या गवतात पिल्लांचा तांबूस घोळका राखत फिरते, तेव्हा तिला गळ लावणं सोपं असतं. संस्थेनं ठराव करून निदान त्या दिवसांत मरळ सोडून द्यावी. चिलापी काढायची म्हणून बारीक आसाची ओढजाळी मात्र आणू नका. तिच्यात चिलापीबरोबर सगळ्यांचीच पोरं येतात. उजनी धरणावरच्या अशाच वडाप जाळ्यांनी काय केलं ते इंदापूर-भिगवणच्या कुणाही मच्छीमाराला विचारा.

खडशीचं दुखणं वेगळं आहे. तिला अंडी घालायला वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. तुमच्यासाठी तो तळ म्हणजे धरणाच्या वर आंबी नदीचं पात्र. तिथला गोटा-मुरूम बंगल्यांच्या भरावासाठी उचलला गेला, किंवा उघड्या पडलेल्या डोंगराची माती येऊन गोट्यांच्या फटी बुजल्या, तर धरणात तुम्ही काहीही केलंत तरी खडशी वाढणार नाही. एका जुलैत अशाच एका नदीच्या तोंडाशी पहाटे मी एका कातकरी मावशींबरोबर होते. त्यांच्या जाळ्यात हातभर मादी आली. त्यांनी पोटावर अंगठा हलकेच फिरवला तशी भिजवलेल्या मोहरीसारखी पिवळसर अंडी माझ्या तळहातावर आली, ओली आणि गारगार. “हिला सोडायला हवी होती,” त्या म्हणाल्या, “पण जाळ्यानं विचारलं नाही.” नदीच्या तोंडाशी, पहिल्या पुराच्या महिन्या-दीड महिन्यात जाळं लावायचंच नाही, एवढा एक नियम तुमच्या संस्थेनं मनापासून पाळला तर दुप्पट बीजापेक्षा जास्त होईल, असं माझं ठाम मत आहे.

काठाबद्दल थोडं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर होते. ती करणारेही धरणात जमीन गेलेलीच माणसं, त्यांच्याशी भांडू नका. पण गाळपेरीवर मारलेलं कीटकनाशक जूनमध्ये पाण्याखाली जातं आणि अगदी त्याच उथळ पाण्यात माशांची पिल्लं वाढतात. निदान पाण्याकडची पट्टी फवारणीविना ठेवायला सांगा, वाळा-लव्हाळा उपटू नका म्हणा. दुसरं, बाभळीच्या फांद्या दगड बांधून पाण्यात सोडल्या तर त्यांच्यावर शेवाळ धरतं, किडे येतात, पिल्लांना लपायला काटेरी घर मिळतं. मे महिन्यातल्या पातळीच्याही दोन-तीन मीटर खाली त्या राहायला हव्यात, नाहीतर उन्हाळ्यात उघड्या पडतील. फार खोल टाकल्या तर तिथे प्राणवायू नसतो. त्या ढिगाभोवती जाळं लावायचं नाही, कारण तिथे मासा गोळा होतो आणि गोळा झालेला मासा पकडणं म्हणजे होता तोही संपवणं. हे करण्याआधी पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय, दोन्ही खात्यांची लेखी परवानगी घ्या. पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. शेणखत वगैरे टाकून पाणी ‘सुपीक’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

यंदा नेहमीएवढंच बीज घ्या, पण मोठं करून सोडा. दुप्पट न घेतल्यानं वाचलेल्या पैशात हापा होईल. आणि दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की वही घेऊन माझ्याकडे या, आपण बसून वाचू.

प्रश्न : आमच्या टाकीतला ‘सकर’ मासा फूटभर झालाय, टाकी पुरत नाही. जिवंत आहे, मारवत नाही. खडकवासल्यात सोडला तर चालेल ना?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नाही, कृपा करून सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. अंगावर हाडांचं चिलखत असल्यामुळे आपल्याकडचा कुठलाही मासा त्याला सहसा खात नाही, तो काठात बिळं करतो आणि प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही तगतो. उजनीत तो आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तुमच्या दुकानदाराला परत घ्यायला सांगा, किंवा मोठी टाकी असलेलं घर शोधा. मारवत नाही ही तुमची भावना मला समजते. धरणात सोडल्यावर जे मरतील तेही मासेच आहेत, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत.

प्रश्न : माझे वडील तरुणपणी मुळशीकडे गळ टाकायला जायचे. महसीर हा त्यांचा जीव की प्राण. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. त्यांच्या नावानं महसीरची एक हजार पिल्लं धरणात सोडावीत असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. कुठून घ्यावीत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या वडिलांना नमस्कार. ज्या माशावर त्यांचा जीव होता तो, म्हणजे आपली खडशी, खरोखर पुण्याचा मासा आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि इथे ऐकलेलं नावच त्याला ठेवलं. आज जगभर तो ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. कोळस, नुक्ता या माशांची शास्त्रीय नावंही त्यांनी अशीच दिली. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या इथल्या मच्छीमारांच्या तोंडचे शब्द लॅटिन नावांत जाऊन बसले, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

तरीही पिल्लं सोडू नका असंच मी सांगेन. कारण सांगते. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीनं खडशीचं बीज तयार केलं. खडशी कमी होत चालली होती, तेव्हा ते मोलाचं काम होतं. पुढे आपली ही खडशी कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत तिची स्वतःची महसीर होती, पाठीवर उंच वशिंड असलेली, त्या खोऱ्याबाहेर कुठेच नसलेली. नव्या पाहुणीनं तिथे जम बसवला आणि मूळची मागे पडत गेली. आज ती वशिंडाची महसीर नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे.

आपल्या धरणात खडशी परकी नाही, हे खरं. पण पिशवीतल्या दोन-तीन इंचांच्या पिल्लात खडशी कोणती, हिमालयातली सोनेरी महसीर कोणती आणि दोघींचा संकर कोणता, हे विकणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही. एकदा सोडलं की परत काढता येत नाही. आणि वरच्या पत्राला लिहिलं तसं, नदीचा तळ बिघडलेला असेल तर ती वाढतील, म्हातारी होतील, पण त्यांची पिल्लं होणार नाहीत.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भावंडांनी मिळून पहाटे देहूला जा. इंद्रायणीच्या डोहातल्या खडशींना तुकोबांच्या गावानं पिढ्यान् पिढ्या हात लावलेला नाही. तुमचे वडील ज्या माशाची वाट बघत तासन् तास बसायचे, तो तिथे बघता आला तर बघा. पिठाच्या गोळ्या, पाव टाकू नका. आणि हजार पिल्लांना जे पैसे लागले असते त्यातून एखाद्या मच्छीमार संस्थेला वडिलांच्या नावानं चांगला वजनकाटा आणि मासे मोजायची फळी द्या. पानशेतच्या त्या हिशेब ठेवणाऱ्या मुलाचं पत्र वर छापलं आहेच. त्याला दोन्ही लागणार आहेत. संपादकांकडे कळवलंत तर गाठ घालून देईन.

प्रश्न : मी पौडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सातवीची मुलं गावच्या तलावाचा ‘अभ्यास’ करायचा म्हणून मागे लागली आहेत. प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत. माशांसाठी पाणी कसं आहे, हे मुलांना मोजता येईल असं काही आहे का?
– एक शिक्षिका

उत्तर : आहे, आणि ते तुमच्या शाळेच्या भांडारातल्या वस्तूंतून होईल. स्टीलच्या जुन्या ताटलीतून किंवा पत्र्यातून २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी कापा, कडा घासून घ्या. तिचे चार भाग पाडून एकाआड एक काळे आणि पांढरे रंगवा. मधल्या भोकातून दोरी ओवा, खाली दगड बांधा, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. इटलीतल्या सेक्की नावाच्या पाद्री-शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये अशीच पांढरी तबकडी समुद्रात सोडून बघितली होती. आजही जगातले जलशास्त्रज्ञ तिचं नाव घेऊनच पाण्याची पारदर्शकता मोजतात.

तबकडी सावकाश खाली सोडायची. दिसेनाशी झाली ती गाठ मोजायची, वर ओढताना पुन्हा दिसली ती गाठ मोजायची, दोन्हींची सरासरी काढायची. साधारण त्याच्या दुप्पट खोलीपर्यंत पाण्यातली वनस्पती जगायला पुरेसा उजेड जातो. हा आकडा दर पंधरा दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमारास, एकाच जागेवरून घ्या. जुलैत पाणी गढूळ असेल, तो दोष मातीचा. पण एप्रिलमध्ये पाणी हिरवं होऊन तबकडी ३० सेंटिमीटरलाच गडप व्हायला लागली, तर सांडपाणी कुठून येतंय ते शोधायची वेळ आली. अशा हिरव्या पाण्यात दिवसा प्राणवायू भरपूर असतो, रात्री शेवाळच तो खाऊन टाकतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसतात. पहाटे दूध घालायला जाणारं एखादं मूल वर्गात असेल, तर त्याला ते बघून यायचं काम द्या.

काठावर एक मोठं माणूस, गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि लांब दोरीला बांधलेली रिकामी हवाबंद प्लास्टिकची कॅन जवळ, एवढं पक्कं करा. बांधावरून किंवा घाटाच्या पायरीवरून तबकडी सोडता आली तर उत्तम. एकानं दोरी धरायची, दुसऱ्यानं बघायचं, तिसऱ्यानं लिहायचं, आणि दर वेळी कामं बदलायची. तबकडी दिसेनाशी झाली असं एकानं म्हटलं की लगेच दोरी ओढायला देऊ नका, दुसऱ्यालाही वाकून बघू द्या. दोघांचे आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहा, खोडरबर वापरू नका.